चव्हाट्यावर लिहिलेले

टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात १९८१ ते १९९१ या काळात चुंबकीय फितींची एक चवड वाढत गेली. हेन्री स्पेन्सर हे त्या विभागाची संगणकयंत्रणा सांभाळत. यूजनेट नावाच्या जाळ्यावरून रोज येणारे संदेश पुसून टाकण्याऐवजी ते फितींवर उतरवून ठेवत. दहा वर्षांत १४१ फिती भरल्या आणि त्यांवर वीस लाखांहून अधिक संदेश साठले. ज्यांनी ते लिहिले होते त्यांतल्या बहुतेकांना आपले लिखाण कुठे जपून ठेवले जाते आहे याची कल्पनाच नव्हती.

यूजनेटची कल्पना १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना सुचली आणि १९८० मध्ये ते चालू झाले. त्याला मालक नव्हता, मध्यवर्ती कचेरी नव्हती. एका विद्यापीठाचा संगणक रात्री टेलिफोनवरून शेजारच्या संगणकाला नवे संदेश देई, तो पुढच्याला देई. प्रत्येक ठिकाणी प्रत्येक संदेशाची प्रत तयार होई. आज ज्याला विकेंद्रित समाजमाध्यम म्हणतात त्याचा सगळा ढाचा इथे आहे, फक्त हे नाव तेव्हा कुणी दिले नव्हते. साठवणीची जागा महाग असल्यामुळे संदेश काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप पुसले जात. लोक त्या हिशेबानेच लिहीत. भांडत, नोकरीबद्दल कुरकुर करत, अर्धवट कच्चे विचार मांडत. चारचौघांत बोलायचे आणि घरी जायचे, अशी ती रीत होती.

१९९५ मध्ये डेजान्यूज नावाच्या कंपनीने हे संदेश साठवून शोधता येतील असे करून ठेवले आणि ही रीत मोडली. आता एखाद्याचे नाव टाकले की त्याने कुठे काय लिहिले ते समोर येई. लोक बिथरले. तडजोड म्हणून एक खूण रूढ झाली. संदेशाच्या माथ्यावर ‘एक्स-नो-आर्काइव्ह : येस’ अशी ओळ लिहिली की डेजान्यूज तो संदेश संग्रहात घेत नसे. या ओळीला कायद्याचा आधार नव्हता, ती केवळ विनंती होती. फेब्रुवारी २००१ मध्ये गूगलने हा संग्रह विकत घेतला, स्पेन्सर यांच्या फितींवरचे संदेशही त्यात मिळवले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात वीस वर्षांचे सुमारे ७० कोटी संदेश जगासमोर मांडले. परदेशातली मराठी मुले-माणसे ज्या ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ या गटावर रोमन लिपीत मराठी लिहीत, तो गटही यूजनेटचाच.

इतिहासाच्या अभ्यासकाला हा खजिना वाटावा, आणि तो आहेच. आंतरजालाच्या पहिल्या दशकातले सामान्य माणसाचे बोलणे त्या फितींमुळे टिकले. पण ज्याने विशीत रागाच्या भरात काही लिहिले आणि चाळिशीत ते नोकरी देणाऱ्याच्या हाती पडले, त्याची तक्रारही खोटी म्हणता येत नाही. सार्वजनिक लिहिले म्हणजे ते कायमचे, सगळ्यांचे आणि वाटेल त्या वापरासाठी मोकळे झाले का? आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या निमित्ताने जो वाद पेटला आहे त्यातला कळीचा प्रश्न हाच आहे.

डेजान्यूजच्या एक वर्ष आधी, १९९४ मध्ये, इंग्लंडमध्ये अशाच एका विनंतीने आकार घेतला होता. मार्टाइन कॉस्टर नेक्सॉर नावाच्या कंपनीत काम करत. त्यांच्या सर्व्हरवर एक क्रॉलर, म्हणजे पाने आपोआप वाचत जाणारा प्रोग्रॅम, इतक्या वेगाने येऊन आदळला की सर्व्हर कोलमडायची वेळ आली. तो बेशिस्त क्रॉलर आपलाच होता, असे पुढे विज्ञानकथालेखक म्हणून नाव झालेले चार्ल्स स्ट्रॉस सांगतात. कॉस्टर यांनी उपाय सुचवला तो अगदी साधा. प्रत्येक संकेतस्थळाने ‘रोबोट्स.टीएक्सटी’ नावाची एक छोटी फाइल ठेवावी, कोणत्या क्रॉलरने कुठे यावे आणि कुठे येऊ नये हे तीत लिहावे, आणि क्रॉलर चालवणाऱ्यांनी ते पाळावे.

पाळले नाही तर शिक्षा काहीच नव्हती. तरीही ही फाइल पाव शतकाहून अधिक काळ पाळली गेली, कारण त्यात देवाणघेवाण होती. शोधयंत्र तुमचे पान वाचून नेई आणि बदल्यात वाचक पाठवी. हा संकेत अधिकृत मानकाच्या रूपात नोंदला गेला तो थेट सप्टेंबर २०२२ मध्ये. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ३० नोव्हेंबरला, चॅटजीपीटी लोकांसमोर आले. पान वाचून नेणाऱ्या यंत्राने वाचक परत पाठवायचा, हे त्या देवाणघेवाणीचे दुसरे अंग तिथून गळायला लागले, कारण उत्तर आता यंत्रच देऊ लागले.

मधल्या काळात लोकांचे बोलणे यूजनेटवरून मोठ्या कंपन्यांच्या आवारात गेले होते. भारतात त्याची पहिली मोठी लाट ऑर्कुटची. ३० सप्टेंबर २०१४ रोजी गूगलने ऑर्कुट बंद केले. सार्वजनिक समूहांचा संग्रह काही काळ वाचायला ठेवला आणि २०१७ मध्ये तोही काढून टाकला. भारतीय तरुणांच्या एका पिढीने पहिल्यांदा घातलेल्या वादांची आणि केलेल्या ओळखींची ती नोंद होती. ती टिकवणारा स्पेन्सर इथे होणे अवघड होते, कारण मूळ प्रत एकाच कंपनीकडे होती. संग्रह होण्याची भीती जितकी खरी, तितकेच नाहीसे होण्याचे नुकसानही खरे आहे, आणि या दुसऱ्या नुकसानाबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते.

ट्विटरची गोष्ट वेगळी होती. त्याने सुरुवातीपासून आपला डेटा बाहेरच्या प्रोग्रॅमांना वाचता येईल अशी सोय, म्हणजे एपीआय, मोकळी ठेवली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० मध्ये सगळीच्या सगळी सार्वजनिक ट्वीट्स साठवायचा करार केला. २०१७ अखेर हा भार पेलवेना आणि यापुढे निवडक तेवढेच साठवू, असे ठरले. संशोधकांसाठी मात्र दार उघडेच होते. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या गटाने २०२१ मध्ये मराठी ट्वीट्सचा एक संच प्रसिद्ध केला, ‘महासेंट’. सुमारे १६ हजार ट्वीट्स, प्रत्येकावर सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ अशी खूण. मराठी वाक्यातला भाव यंत्राला ओळखता यावा यासाठी असा मोठा, मोकळा संच तोवर जवळजवळ नव्हताच. हे काम विद्यार्थ्यांच्या आवाक्यात होते ते ट्विटरचा डेटा मिळत होता म्हणून.

आवाराबाहेर राहणारेही होते. माँट्रियलच्या इव्हान प्रोड्रोमू यांनी २००८ मध्ये आयडेंटिका सुरू केले. ट्विटरसारखेच छोटे संदेश, पण प्रोग्रॅम मुक्त, कुणीही आपला सर्व्हर उभारून जोडून घ्यावा असा. तिथला प्रत्येक संदेश क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली असे : वापरा, बदला, पण लिहिणाऱ्याचे नाव द्या. खाते उघडतानाच अट कळत होती. पुढच्या कोणत्याही मोठ्या जाळ्याने मजकुराच्या फेरवापराचा प्रश्न इतक्या सरळपणे सोडवला नाही. २०१० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील चार विद्यार्थ्यांनी डायस्पोरा या जाळ्यासाठी लोकांकडे दहा हजार डॉलर मागितले, मिळाले दोन लाखांहून अधिक. पैसा आला, गाजावाजा झाला, पण लोक काही फेसबुक सोडून आले नाहीत.

टिकले ते मॅस्टोडॉन. जर्मनीतल्या येना शहरातील युजेन रोच्को या तरुणाने ते २०१६ मध्ये लोकांसमोर आणले. जानेवारी २०१८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने ‘ॲक्टिव्हिटीपब’ ही भाषा मानक म्हणून जाहीर केली आणि वेगवेगळ्या सर्व्हरांना एकमेकांशी बोलायला सामायिक मानक मिळाले. भारताशी त्याची पहिली मोठी गाठ नोव्हेंबर २०१९ मध्ये पडली. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले. वादाची सुरुवात झाली होती ती नाझी सलाम करायला नकार देणाऱ्या माणसाच्या प्रसिद्ध छायाचित्रावरून. त्यानंतर हजारो भारतीयांनी मॅस्टोडॉनवर खाती काढली. बरेच जण काही आठवड्यांत परतले, पण खाते कुणाच्या मर्जीवर असते हा प्रश्न भारतीय वर्तमानपत्रांत तेव्हा प्रथमच इतक्या मोठ्याने विचारला गेला.

मॅस्टोडॉनवर जी माणसे आधीपासून होती त्यांत छळाला कंटाळून आलेले पुष्कळ होते. म्हणून तिथे संपूर्ण मजकुराचा शोध मुद्दाम ठेवलेला नव्हता. तो आला २०२३ मध्ये, आणि तोही ज्याने स्वतःहून संमती दिली त्याच्यापुरता. मिलान विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये मॅस्टोडॉनवरच्या सार्वजनिक पोस्टांचा मोठा संच अभ्यासासाठी प्रसिद्ध केला, तेव्हा खुले निषेधपत्र निघाले. प्रत्येक सर्व्हरचे आपले नियम आहेत, ते तुम्ही वाचलेत का, असा त्याचा रोख होता. जानेवारी २०२० मध्ये संच मागे घेतला गेला. त्यात ना मोठी कंपनी होती, ना नफा. तरीही लोक दुखावले, कारण एका गटाशी बोललेले दुसऱ्याच कामासाठी उचलले गेले होते. संशोधकांना हे आधी विचारून करता आले असते. विचारण्याची पद्धतच नव्हती, हे त्या प्रकरणातले खरे दुखणे.

मग २०२२ उजाडले. २७ ऑक्टोबरला एलॉन मस्क यांनी ट्विटर ताब्यात घेतले आणि वर्ष संपेपर्यंत मॅस्टोडॉनवर महिन्याला वावरणाऱ्यांची संख्या वीस लाखांपलीकडे गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्विटरने मोफत एपीआय बंद करण्याची घोषणा केली. नव्या दरपत्रकात महिना १०० डॉलर भरणाऱ्याला दहा हजार पोस्ट वाचता येत, आणि त्यापुढची पायरी होती महिना पाच हजार डॉलरची. महासेंटच्या तयार संचात १६ हजार ट्वीट्स आहेत आणि ती निवडण्याआधी चाळावी लागली ती निराळी. हे नवे दर पुण्याच्या कोणत्या महाविद्यालयाला परवडणार होते?

रेडिट हे चर्चासमूहांचे संकेतस्थळही त्याच वाटेने गेले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने २०१९ मध्ये जीपीटी-२ ही आधीची भाषाप्रणाली शिकवण्यासाठी जो मजकूर जमवला तो रेडिटवर लोकांनी दिलेल्या आणि इतरांनी किमान तीन गुण दिलेल्या दुव्यांवरून. म्हणजे कोणते पान वाचण्याजोगे आहे ही निवड लाखो अनामिक माणसांनी फुकट करून ठेवली होती. एप्रिल २०२३ मध्ये रेडिटने एपीआयला शुल्क लावण्याची घोषणा केली. जूनमध्ये हजारो समूहांच्या बिनपगारी व्यवस्थापकांनी आपापले समूह बंद ठेवून निषेध केला. तो फार चालला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेअर बाजारात उतरण्यापूर्वी रेडिटने जी कागदपत्रे सादर केली त्यांत डेटा वापरू देण्याच्या करारांची एकूण किंमत २० कोटी ३० लाख डॉलर दिली होती.

वापरकर्त्यांचा डेटा वाचवण्यासाठी दार लावतो आहोत, असे कंपन्यांनी सांगितले. दाराला कुलूप आले आणि किल्लीला किंमत आली; ज्यांनी लिहिले त्यांच्या हाती ना किल्ली होती ना किंमत. ट्विटरचे एक्स झाल्यावर तर कंपनीने तोच मजकूर आपल्या ग्रोक या प्रणालीला शिकवायला घेतला. ऑगस्ट २०२४ मध्ये आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने न्यायालयात धाव घेतल्यावर युरोपीय वापरकर्त्यांच्या काही महिन्यांच्या पोस्ट वगळायला एक्स राजी झाले. भारतीयांसाठी अशी धाव कुणी घेतली नाही.

ब्ल्यूस्काय या नव्या जाळ्याचा जन्म ट्विटरमध्येच झाला. डिसेंबर २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनी समाजमाध्यमांसाठी मोकळे मानक शोधणाऱ्या एका छोट्या गटाला पैसा देण्याची घोषणा केली. २०२१ मध्ये जे ग्रेबर त्याच्या प्रमुख झाल्या आणि ब्ल्यूस्काय स्वतंत्र कंपनी बनली. तिच्या रचनेत प्रत्येकाच्या पोस्टांचा एक स्वतंत्र साठा असतो आणि सगळ्या साठ्यांतून निघणारा अखंड ओघ कुणालाही, परवानगी न मागता, वाचता येतो. ट्विटरने जे दार लावले तेच इथे बिजागरीसकट काढून टाकलेले. संशोधक हरखले. एक्सच्या एआय प्रशिक्षणाचा उल्लेख असलेल्या नव्या अटी १५ नोव्हेंबर २०२४ रोजी लागू झाल्या. त्या आठवड्यात लोक लाखांनी ब्ल्यूस्कायवर आले, आणि कंपनीने जाहीर केले की आम्ही तुमच्या लेखनावर जनरेटिव्ह एआय शिकवत नाही.

शब्द खरा होता. पण त्यात फक्त कंपनीचा हात बांधलेला होता, बाहेरच्यांचा नाही. २६ नोव्हेंबरला हगिंग फेस या एआय कंपनीतील एका कर्मचाऱ्याने त्या ओघातून दहा लाख पोस्ट गोळा करून संच प्रसिद्ध केला. नुकतेच एक्स सोडून आलेले लोक खवळले. त्याने दिलगिरी व्यक्त करून संच काढून घेतला. लगोलग दुसऱ्यांनी त्याहून मोठे संच चढवले, काहींनी तर चिडलेल्यांना आणखी डिवचण्यासाठीच.

या प्रकरणात सगळा मारा झाला तो उघडपणे, नावानिशी काम करणाऱ्या माणसावर. गुपचूप तोच ओघ साठवून घेणाऱ्या कुणाला एक शब्द ऐकावा लागला नाही, कारण तो कोण हे कळतच नाही. तरीही त्या संतापाला हसणे चूक आहे. माझे लिहिणे वाचा, त्याला उत्तर द्या, ते पुढे पाठवा, असे म्हणणारा माणूस माझ्या लिहिण्याचा कच्चा माल करा असे म्हणत नसतो. यूजनेटवरच्या लोकांनी १९९५ मध्ये हेच सांगितले होते.

मार्च २०२५ मध्ये ब्ल्यूस्कायने एक मसुदा चर्चेला ठेवला. प्रत्येकाने आपल्या खात्यातच चार गोष्टींबद्दल मर्जी नोंदवावी : जनरेटिव्ह एआयचे प्रशिक्षण, दुसऱ्या जाळ्यांशी पूल, मोठे डेटासंच आणि सार्वजनिक संग्रह. ‘रोबोट्स.टीएक्सटी’चीच ही कल्पना, पण संकेतस्थळाच्या मालकाऐवजी प्रत्येक लिहिणाऱ्याच्या हाती दिलेली. हा बदल महत्त्वाचा आहे. मालकाची मर्जी आणि लिहिणाऱ्याची मर्जी या दोन गोष्टी आहेत, हे आंतरजालाच्या इतिहासात इतक्या स्पष्टपणे फार क्वचित मान्य झाले. शिवाय यात संग्रहाला होकार आणि प्रशिक्षणाला नकार असे वेगवेगळे सांगता येते. ऑर्कुट गमावलेल्या माणसाला ही सोय किती मोलाची हे वेगळे सांगायला नको.

यात सक्ती मात्र नाही. मॅस्टोडॉनने आपल्या मुख्य सर्व्हरच्या अटींत एआय प्रशिक्षणासाठी मजकूर उचलायला बंदी घालण्याचे २०२५ मध्ये जाहीर केले. तीही त्या एका सर्व्हरपुरती. तिथली पोस्ट ज्या हजारो सर्व्हरांवर प्रतिरूपाने जाते त्यांच्या अटी त्यांच्या स्वतःच्या. पोस्ट पुसली तरी पुसा असा निरोप इतरांकडे जातो, तो पाळणे त्यांच्याकडे. मालक नसलेल्या जाळ्यात हे अटळ आहे, म्हणून इथे कायद्याची गरज उरते. युरोपात सार्वजनिक पोस्टमधली वैयक्तिक माहितीसुद्धा वैयक्तिकच धरली जाते. तरी मे २०२५ मध्ये कोलोनच्या न्यायालयाने फेसबुकची मालक असलेल्या मेटाला सार्वजनिक पोस्टांवर एआय शिकवण्यापासून रोखायला नकार दिला. वापरकर्त्यांना हरकत नोंदवायची सोय तरी तिथे होती.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हा प्रश्न एका कलमात निकालात काढला आहे. व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या वैयक्तिक माहितीला हा कायदा लागूच होत नाही. कलमाखाली उदाहरण दिले आहे ते आपली मते आंतरजालावर लिहिणाऱ्या बाईचे : तिने स्वतःबद्दलची माहिती समाजमाध्यमावर उघड केली, तर तिला या कायद्याचे संरक्षण नाही. हे कलम बदलायला हवे. लिहिणाऱ्याने नोंदवलेला नकार पाळणे बंधनकारक केले, तरी पुष्कळ साधेल.

मराठीसारख्या भाषेला या सगळ्याची झळ दोन्ही बाजूंनी बसते. आंतरजालावर मराठी मजकूर मुळात थोडा, त्यामुळे यंत्राला मराठी शिकवायची तर लोकांचे बोलणे-लिहिणे लागणारच. ते बंद दाराआड गेले की मोठ्या कंपनीचे अडत नाही, तिच्याकडे पैसा आहे. अडते ते विद्यापीठाचे. आणि अशा भाषांसाठी उभ्या राहिलेल्या कंपनीचे आयुष्य किती, हाही प्रश्न आहेच. मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारे कू हे समाजमाध्यम जुलै २०२४ मध्ये बंद झाले.

विचारून घेण्याची पद्धत कशी असते, याचा एक नमुना मराठीत चालू आहे. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या उपक्रमात बोलणारी माणसे स्वतःहून येतात, समोरचे मराठी वाक्य मोठ्याने वाचतात आणि आवाज नोंदवतात. दुसरे कुणी तो ऐकून वाचन बरोबर आहे का ते सांगते. जमलेला संच सार्वजनिक मालकीचा म्हणून दिला जातो, त्यामुळे परदेशी कंपनी आणि नांदेडच्या महाविद्यालयातली विद्यार्थिनी दोघींनाही तो एकाच अटीवर, फुकट मिळतो. आवाज देणाऱ्याला तो कशासाठी जाणार हे पहिल्या वाक्याआधीच सांगितलेले असते.